भट्टी कुणाच्या नावावर

“मी मेले कधी गं?” आत्याने विचारलं.

कागदांचा गठ्ठा तिने टेबलावर ठेवला नाही, आपटला. कप बशांमध्ये थरथरले. या घरात टेबलावर वस्तू आपटायची मक्तेदारी आजवर काकांची होती, त्यामुळे आवाज झाल्यावर सगळ्यांनी आधी काकांकडे पाहिलं. काका तर खुर्चीत रेलून, इस्त्रीचा शर्ट घालून, प्रसन्न बसले होते.

“मेलीस कुठे, आत्या? असं काय बोलतेस?” भिंगरी म्हणाली.

“मग दाखव. पहिल्या पानापासून बघतेय. खालचा काचेचा कारखाना आहे. ही वरची खोली आहे. तुझा बाप आहे, त्याचा खोकला आहे. हा आहे,” आत्याने काकांच्या दिशेने हनुवटी उडवली, “नुसता आहे असंही नाही, नायक आहे! पायरीवर झोपणारी मांजरसुद्धा आहे. मी कुठे आहे?”

भिंगरीने आईकडे पाहिलं. आई कपातल्या चहाकडे पाहत होती. हे सगळं आईचंच कर्तृत्व. लेकीची कादंबरी छापायला घेतली म्हटल्यावर तिला राहवलं नाही. भिंगरी चाचणी प्रयोगशाळेत कामावर गेलेली असताना तिने तिच्या संगणकातून मजकूर काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रती छापून आणल्या आणि घरात वाटल्या. कौतुक करायला गेली आणि हात दाखवून अवलक्षण करून बसली.

“ताई, शांत हो,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजाला साय धरली होती. “पोरीने चांगलं लिहिलंय. मला पुस्तकाबिस्तकातलं कळत नाही, पण चांगलं आहे. ऐक हे.” त्यांनी आपल्या प्रतीत घातलेली खूण काढली आणि चष्मा वर सरकवून वाचायला घेतलं. “‘ज्योतीत धरलेली नळी मऊ पडली, की तो श्वास रोखत असे. दोन्ही मनगटं एकाच वेगाने फिरत. एक जरा जरी मागे राहिलं तरी काचेला पीळ बसणार, हे त्याला डोळे मिटूनही कळे. मग तो फुंकत असे, अगदी हलकेच, झोपलेल्या बाळाच्या कपाळावरचा केस उडवावा इतकंच.’ वा! अंगावर काटा आला माझ्या.”

“बाबा,” काकांचा मुलगा म्हणाला. तो यंत्रांचा इंजिनिअर होता आणि सुट्टीच्या दिवशी घरात फक्त टोमणे मारायला हजर असे. “आयुष्यात तुम्ही फुगासुद्धा धड फुगवला नाहीत. माझ्या वाढदिवसाला आत्या फुगवायची.”

“ते जाऊ दे रे. साहित्य आहे हे.”

“मनगटं कुणाची आहेत?” आत्याने विचारलं. आवाज आता खाली आला होता, आणि तो वरच्यापेक्षा वाईट होता. “भिंगरी, तुला विचारतेय. तू टेबलाखाली बसून कुणाची मनगटं बघायचीस? डाव्या खांद्यावर ओलं फडकं कुणाच्या असायचं? तेसुद्धा याच्या खांद्यावर टाकलंस! याला एकदा ते फडकं दिलं तर याने बूट पुसले होते.”

भिंगरीला उत्तर माहीत होतं. म्हणूनच ती चिडली.

“संपादक बाई म्हणाल्या, माणसं फार झाली आहेत. वाचकाला कुणाचा हात धरायचा ते कळत नाही. काका ऑर्डरी आणतात, आत्या काच घडवते, बाबा मध्ये उभे. तिघं भावंडं, आणि तिघांची एकच गोष्ट. त्या म्हणाल्या, भाऊ-बहीण मिळून एक माणूस करा. असं करतात, आत्या. सगळे लेखक करतात. प्रत्यक्षातली दोन-तीन माणसं वितळवून एक माणूस घडवतात.”

“मग मलाच का वितळवलंस?” आत्या म्हणाली. “याला वितळव की माझ्यात! बाई नायक झाली तर तुझ्या त्या बाईंच्या छापखान्याची शाई वाळते का?”

भिंगरीने हे ठरवून केलं नव्हतं. काका रस्त्यावर हिंडायचे, लोकांना भेटायचे, भांडायचे. त्यांच्याभोवती प्रसंग आपोआप उभे राहत. आत्या ज्योतीसमोर बसून राहायची. बसलेल्या माणसाला गोष्टीत हलवायचं कसं, ते भिंगरीला जमलं नाही. मग तिने बसलेल्या माणसाचे हात काढले आणि हिंडणाऱ्याला लावले. त्या वेळी ते फार हुशारीचं वाटलं होतं.

“खाली पाटीवर काय लिहिलंय?” आत्या म्हणाली. “‘आणि बंधू’. जन्मभर त्या पाटीखालून आत गेले आणि त्या पाटीखालून बाहेर आले. म्हटलं, जाऊ दे, पाटी रंगवणाऱ्याला काय माहीत! पण तुला माहीत होतं. पाटीने मला नुसतं वगळलं. तू तर मलाच भाऊ करून टाकलंस.”

“वन्सं, तिचं पहिलंच पुस्तक आहे,” आई हळूच म्हणाली. “किती जणांनी परत पाठवलं होतं. आता कुठे कुणी हो म्हटलंय. उद्या शेवटची प्रत द्यायची आहे. तुमचं मन मोठं आहे…”

“माझं मन मोठं आहे हे ऐकून ऐकून माझे कान किटले, वहिनी.”

काका समजूतदारपणे हसले. दुसऱ्याचं तूप आपल्या पोळीवर ओढून घेणारा माणूस जसा हसतो तसे. “ताई, तुझी कला अमर झाली, असं समज ना. नावात काय आहे?”

“बाबा,” इंजिनिअर म्हणाला, “तुम्ही किती वाचलंत?”

“माझं माझं वाचलं.”

“‘भट्टी’ नावाचं प्रकरण आहे. ते वाचलंत?”

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्यातला जीव गेला. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. भिंगरीला वाटलं, आता उठावं, खाली जावं, शटर वर ढकलून रस्त्याला लागावं. पण ती उठली नाही. काका खिडकीपाशी उजेडात जाऊन उभे राहिले आणि वाचू लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत. खोलीतल्या सगळ्यांना त्या ओठांवरून कळत होतं ते कुठवर आले आहेत, कारण प्रत्येकाला ती गोष्ट पाठ होती.

गोष्ट साधी होती. घडवलेली काच भट्टीत ठेवून फार सावकाश निववावी लागते. घाईने बाहेर काढली, तर वरून काही दिसत नाही, पण तिच्या पोटात ताण अडकून राहतो, आणि ती कधीतरी, कुठेतरी, अगदी हलक्याशा कारणाने फुटते. एका महाविद्यालयाची मोठी ऑर्डर रखडली होती. भट्टी वेळेआधी उघडली गेली. माल गेला. सत्र सुरू झालं आणि एक शिक्षिका वाफ थंड करायच्या नळीवर रबराची नळी चढवत असताना काच तिच्या मुठीतच फुटली. तळहाताच्या शिरा कापल्या गेल्या. त्या हाताने तिला पुन्हा खडू धरता आला नाही. कारखान्याची महाविद्यालयं एकेक करून सुटली ती तेव्हापासून. भिंगरीचे बाबा त्यानंतर वर्षभर लोकांना स्पष्टीकरणं देत हिंडले आणि मग हिंडायचेही थांबले. भट्टी काकांनी उघडली होती. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे. बोलायची गरज नव्हती.

काकांनी पान मिटलं.

“हे मी केलं?”

“काका, ते तुम्ही केलं होतंत,” भिंगरी म्हणाली.

“मी केलं होतं! मी! पण हा मी नाही ना! हा तुझा हिरो काच फुंकणारा आहे. याला काचेचा श्वास कळतो, डोळे मिटून पीळ कळतो, अमुक कळतं, तमुक कळतं. असला माणूस भट्टी आधी उघडेल? मी उघडली, कारण मला कळत नव्हतं! मला वाटायचं हे लोक उगाच बाऊ करतात. हा कशाला उघडेल? याला काय वेड लागलंय?”

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, कारण ते खरं होतं. संपादक बाईंनी दुसऱ्या टिपणात नेमकं हेच लिहिलं होतं: ‘मध्यापर्यंत नायक पटतो. भट्टीच्या प्रकरणात तो अचानक मूर्ख होतो. कारण द्या.’ तिने कारणं देऊन पाहिली होती. ऑर्डर अडकली, मूल आजारी पडलं, एकदा तर नायकाला तापही आणला. एकही कारण चिकटलं नाही. आणि जन्मात एक कादंबरी न वाचलेल्या काकांनी खिडकीत उभ्या उभ्या तिथेच बोट ठेवलं होतं.

“तुम्हाला साहित्यातलं कळत नाही ना? मग कशाला बोलता?” ती म्हणाली.

“माझी बदनामी छापतेस आणि मी बोलू नको?”

“मघाशी नावात काय आहे म्हणत होता,” आत्या म्हणाली.

“तू गप्प बस गं, ताई!” काका टेबलापाशी आले. त्यांनी आता खरोखर हात आपटला. “हे प्रकरण काढ. नाहीतर… नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावावर टाक. थोरल्या भावाच्या टाक. पुस्तकात तो मरतोच आहे. तसंही शेवटी लोकांसमोर तोच उभा राहिला होता. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

आईने कप खाली ठेवला. अगदी आवाज न करता.

“भावोजी,” ती म्हणाली, “पुन्हा बोला.”

“वहिनी, मी आपलं पुस्तकापुरतं…”

“पुस्तकापुरतं! तुमच्या भट्टीसाठी माझा नवरा दारोदार माफी मागत फिरला. लोक दारात उभं करून बोलायचे. घरी येऊन बूट काढायचा आणि तसाच बसून राहायचा. आणि आता त्या बुटांच्या मालकाच्या नावावर तुम्ही भट्टी चढवणार? तो मेला म्हणून? मेलेलं माणूस म्हणजे काय, अडगळीची खोली आहे, की नको असेल ते तिकडे टाका?”

आईला इतकं बोलताना भिंगरीने कधी ऐकलं नव्हतं. इंजिनिअरनेही नव्हतं, तो अभावितपणे सावरून बसला. मग जीभ आवरली नाही म्हणून म्हणाला, “असं करा. जमिनीची वाटणी करतात तशी प्रसंगांची करा. फुंकणं आत्याला, फिरणं बाबांना, खोकला मोठ्या काकांना. भट्टी सामाईक.”

“तू तोंड बंद ठेव,” काका आणि आत्या एकदम म्हणाले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

आत्याने खुर्ची ओढली आणि ती भिंगरीच्या समोर बसली. “हे बघ. सोपं आहे. दोन माणसं कर. जशी होती तशी. माझे हात मला दे, याची भट्टी याला दे. मला काही जास्त नको. माझं मला दे.”

“उद्या प्रत द्यायची आहे, आत्या. सगळं पुस्तक उसवावं लागेल.”

“मग उसव.”

“बाई ऐकणार नाहीत.”

“फोन लाव. माझ्यासमोर लाव. मीच बोलते तुझ्या बाईंशी.”

भिंगरीने फोन लावला. चिडलेल्या माणसाला जे आंधळं धैर्य येतं, त्या भरात तिने तो टेबलाच्या मध्ये ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. ते करायला नको होतं.

संपादक बाई रविवारीही कामाच्याच आवाजात बोलल्या. त्यांनी सगळं मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“म्हणजे नायक पुन्हा दोन माणसांत फोडायचा आहे तुम्हाला.”

“हो.”

“पहिल्या खर्ड्यात दोनच होती. मी एक करायला का सांगितलं, आठवतंय?”

“गर्दी होत होती म्हणून.”

“नाही. तेवढंच तुम्ही ऐकलंत,” बाई म्हणाल्या. “गर्दीने माझं काही बिघडत नाही. चांगल्या कादंबरीत अख्खं गाव मावतं. तुमची ती बहीण फक्त चांगली होती. ती राबते, सोसते, सुंदर काच घडवते, पुतणीच्या केसांवरून हात फिरवते. तिला काही हवं नाही, तिचं कुणाशी वाकडं नाही, ती कधी चुकत नाही. तुम्ही तिच्यावर इतकं प्रेम केलंत, की तिला काही करूच दिलं नाहीत. असं पात्र कथेत अडगळ होतं. ते काढलं तरी गोष्टीचं पान हलत नाही, आणि हललं नाहीच. म्हणून म्हटलं, तिचे गुण भावाला द्या, निदान वाया जाणार नाहीत.”

इंजिनिअरने फोनकडून आत्याकडे पाहिलं.

“मला दोन माणसं चालतील,” बाई पुढे म्हणाल्या. “पण दोघांना एकमेकांचा राग यावा लागेल आणि दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चूक असावं लागेल. ते उद्यापर्यंत तुम्हाला जमणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आहे तशी प्रत द्या, या हंगामात पुस्तक निघेल. नाहीतर तुमच्या जागी दुसरं पुस्तक थांबलेलंच आहे. नंतरचं वचन मी देऊ शकत नाही. संध्याकाळी कळवा.”

फोन बंद झाला.

आत्या फोनकडे पाहत होती, जणू तो फोन अजून बोलतो आहे. “अडगळ,” ती म्हणाली.

“आत्या, त्या पात्राबद्दल बोलत होत्या.”

“ते पात्र तू माझ्यावरून केलं होतंस ना? मग मी तुला अशी दिसते? केसांवरून हात फिरवणारी?” आत्याचा चेहरा लाल झाला होता. “मी तुझी आत्या आहे की भिंतीवरची तसबीर आहे गं? मला काही हवं नव्हतं, असं वाटतं तुला?”

तेव्हा काका हसले. मोठ्याने आणि वाईट हसले.

“चांगली! कधी चुकत नाही! अरे, सांग की तिला, ताई. इतकी वर्षं मी भट्टीवाला, आणि तू देवघरातली समई. सांग ना, ताणाच्या पेटीत कोण बघायचं?”

“काय संबंध?” आई म्हणाली.

“वहिनी, तुम्हाला नसेल माहीत. हिला विचारा, हिने सगळं पुस्तकात लिहिलंय.” त्यांनी भिंगरीकडे बोट केलं. “सांग, माल बाहेर जायच्या आधी काय व्हायचं?”

भिंगरीने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, की आपण जे बोलणार आहोत ते आपणच लिहिलं आहे, आणि तरी ते आपण कधी वाचलेलं नाही.

कारखान्यात मागच्या भिंतीला एक पेटी होती. आत दिवा, पुढे दोन खास काचा. त्या दोन काचांच्या मधे घडवलेली वस्तू धरली, की निकोप असेल तर ती काळोखीच दिसायची. ताण राहिला असेल तर तिच्या अंगावर उजळ पट्टे उमटायचे. ती पेटी कधी खोटं बोलत नसे. लहानपणी भिंगरीला ती जादू वाटायची, मोठेपणी तिने त्यामागचं विज्ञान शिकून घेतलं, आणि पेटीचं वर्णन लिहिताना तिने इतकी मेहनत घेतली होती, की संपादक बाईंनी समासात ‘छान’ लिहिलं होतं. प्रत्येक वस्तू पेटीत बघूनच जायची. एकही सुटत नसे. बघितल्यावर आत्या काच कापायच्या हिरकणीने तळाशी एक बारीक रेघ ओढायची. रेघ नसलेला माल काका खोक्यात भरत नसत. त्यांना ती परवानगीच नव्हती.

पेटीचं वर्णन एका प्रकरणात होतं, फुटलेली नळी त्याच्या पुढच्याच. मधे एक कोरं पान. ते पान ओलांडताना रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या भिंगरीला एक साधा प्रश्न पडला नव्हता, की ताण राहिलेली नळी पेटीतून पुढे गेलीच कशी.

“रेघ होती,” भिंगरी म्हणाली. “त्या नळीवर रेघ असणार.”

“असणार?” काका ओरडले. “होती! फुटलेले तुकडे आले तेव्हा मी तळ बघितला. सगळ्यात आधी तेच बघितलं. होती रेघ. हिच्या हातची.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” आईने विचारलं.

“काय बोलू? भट्टी मी उघडली होती ना! चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं असतं सगळ्यांनी. आणि…” काकांचा आवाज फाटला. “आणि मला वाटलं, तिच्या नजरेतून सुटलं असेल. दमली असेल. म्हटलं, एकावर पडलंय ते एकावरच राहू दे.”

“माझ्या नजरेतून सुटलं?” आत्या उठली. भिंगरीला वाटलं ती रडेल. पण ती रडण्याच्या फार पलीकडे, भलतीकडेच उभी होती. “माझ्या नजरेतून? अरे, आंधळ्या माणसालाही दिसले असते असे पट्टे होते! नळीच्या तोंडाशी, जिथे जोड दिला होता तिथे, नुसता दिवा लागल्यासारखं दिसत होतं. मी तुला म्हटलं होतं, भट्टीला हात लावू नकोस. म्हटलं होतं की नाही?”

“म्हटलं होतंस.”

“आणि तू काय म्हणालास? सगळ्यांसमोर, गड्यांसमोर?”

काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

“‘तू फुंकायचं बघ, धंद्याचं मी बघतो.’ गडी हसले. दादासुद्धा, हिचा बापसुद्धा हसला.” तिने आईकडे पाहिलंही नाही. “मी पेटीपाशी गेले. पहिलीच नळी धरली. पट्टे बघितले. म्हटलं, ठीक आहे, जाऊ दे. रस्त्यात खोक्यातच फुटतील सगळ्या. अर्धा माल चुरा होऊन पोचेल, आणि हा तोंड पाडून परत येईल, आणि मग याला कळेल मी नुसती फुंकत नाही. म्हणून ओढल्या मी रेघा. एकेक नळी घेऊन, नीट बघून ओढल्या. आणि त्या मेल्या रस्त्यात फुटल्याच नाहीत!”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करत होतं, आणि ती सुरू होत नव्हती.

आई म्हणाली, “मी त्या शिक्षिकाबाईंना दवाखान्यात भेटायला गेले होते, वन्सं. भावोजींच्या वतीने हात जोडले होते. तुम्ही मला दारापर्यंत सोडायला आला होता.”

“हो.”

“काही बोलला नाहीत.”

“नाही.”

आईने आपली खुर्ची आत्याच्या जवळून उचलली आणि थोडी लांब ठेवली. फार नाही. पण सगळ्यांनी ते पाहिलं.

काका मटकन खाली बसले होते. इतकी वर्षं ज्या ओझ्याखाली ते वाकून चालले, त्याचं दुसरं टोक आज सापडलं होतं, आणि त्यांना हलकं वाटण्याऐवजी उलट संताप येत होता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. “मला अद्दल घडवायला,” ते पुटपुटले. “मला अद्दल घडवायला त्या बाईचा हात!”

“हो, तुला!” आत्या म्हणाली. “आणि घडली का? एवढं होऊनही तू आज सकाळी माझी मनगटं अंगाला लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलास!”

मग जे भांडण झालं, ते त्या घरात केव्हाच व्हायला हवं होतं. मधे कुणी पडलं नाही. इंजिनिअरने एकही टोमणा मारला नाही. भिंगरी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला स्वतःचा भयंकर राग आला, कारण तिचं अर्धं डोकं काकांच्या तोंडचं वाक्य कुठे तोडायचं आणि आत्याला किती वेळ गप्प ठेवायचं, हे ठरवायला लागलं होतं.

आत्याला ते दिसलं. पेटीत काच बघणाऱ्या बाईला माणसाच्या चेहऱ्यावरचे पट्टे दिसणार नाहीत होय?

“ऐकतेयस की टिपतेयस?” तिने विचारलं.

“दोन्ही,” भिंगरी म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

“निर्लज्ज आहेस.”

“आहे. पण तू सकाळी विचारलंस ना, मी कुठे आहे? आता मी विचारते.” तिने टेबलावरचा गठ्ठा पुढे ओढला. “आहे तशी प्रत दिली, तर एकच माणूस राहतो. हात तुझे, भट्टी काकांची, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. तुझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही, कारण तू नाहीसच. सुटलीस. आणि मी तुला वेगळी केली, तर पेटी तुझी, पट्टे तुझे, रेघाही तुझ्या. मी नंतर काही झाकणार नाही, आणि तू केसांवरून हात फिरवलास म्हणून तर मुळीच नाही. सांग काय करू.”

“वेगळी करशील तर ती बाई या वेळी छापणार नाही ना?”

“नाही.”

“पुढे?”

“पुढचं माहीत नाही.”

“भिंगरी,” आई म्हणाली, “किती वर्षं घालवलीस…” आणि तिने वाक्य अर्धवट सोडलं. ते कुणाच्या बाजूने पुरं करायचं, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

काकांनी मान वर केली. “मला का नाही विचारत कुणी?”

“तुमचं तुमच्यापाशीच राहतं, काका,” भिंगरी म्हणाली. “दोन्ही प्रतींत भट्टी तुम्हीच उघडता. फक्त दुसरीत तुम्हाला फुंकता येत नाही.”

इंजिनिअरच्या तोंडातून हसू निसटलं आणि त्याने ते खोकल्यात बुडवलं.

काका बहिणीकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपली प्रत उचलली, मनगटांच्या पानातली खूण काढली आणि ती प्रत आत्यासमोर ढकलली. ढकलली म्हणजे जवळजवळ फेकलीच. “घे तुझे हात,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली कारखान्याचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

आत्याने पदराने कपाळ पुसलं.

“वेगळी कर,” ती म्हणाली.

भिंगरीने फोन घेतला आणि संपादक बाईंना दोन ओळी लिहिल्या: माणसं दोनच आहेत, उद्या जमणार नाही. पाठवल्यावर तिला या घरातल्या प्रत्येकाचा, स्वतःसकट, मनापासून राग आला.

“आणि एक,” आत्या दारातून वळून म्हणाली. “माझ्या हातून चुकून झालं, असं लिहायचं नाही. दमले होते, डोळे दुखत होते, असली दया नको मला. मी रागाने केलं. बघून, समजून, रागाने. तसं लिहिता येणार असेल तरच वेगळी कर.”

“नाही आलं तर?”

“तर खाली ये,” आत्या म्हणाली. “तो गेलाय खाली, मीही जातेय. आमचं अजून संपलेलं नाही. जिन्यात बस आणि शीक.”